गारपिटीनंतर उतरवलेले शिंगल्स खरंच रस्त्यात जातात का?

प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळच्या फ्रिस्कोत घर आहे, गारपिटीने शिंगल्सचं (कौलांसारख्या पातळ डांबरी पट्ट्यांचं) छप्पर गेलं, इन्शुरन्सने पैसे मंजूर केले. रूफर, म्हणजे छप्पर बदलणारा ठेकेदार, म्हणाला, "जुने शिंगल्स आम्ही शंभर टक्के रिसायकल करतो, त्याचे रस्ते होतात." हे खरं मानायचं का? आणि हे तंत्र तीस वर्षं जुनं असेल, तर अजूनही सगळीकडे शिंगल्स कचऱ्यातच का जातात?

मी हॉट मिक्स प्लांटवर, म्हणजे रस्त्याचं गरम डांबरी मिश्रण बनवणाऱ्या कारखान्यात, मिक्स डिझाईन आणि क्वालिटी कंट्रोल बघतो, आधी मिझुरीत आणि आता टेक्सासात. म्हणजे तुमच्या छपराचा माल ज्या दारात यायचा, त्या दारात मी उभा असतो. सरळ उत्तर देतो: रूफर खोटं बोलतोय असं नाही, पण बहुतेक वेळा डंपस्टर (कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा) उचलल्यावर तो कुठे जातो हे त्यालाही माहीत नसतं. आणि बहुतेक वेळा तो लँडफिललाच, म्हणजे कचरा पुरायच्या जागेवरच, जातो.

आधी अंदाज यावा म्हणून आकडे. तुमच्या भागातल्या दुमजली घराचं छप्पर सहज ४० स्क्वेअर भरतं (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट). हल्लीचे जाड आर्किटेक्चरल शिंगल्स स्क्वेअरला साधारण २४० पौंड धरले, तर ९,६०० पौंड झाले. अमेरिकन टनात पावणेपाच. ही एका घराची गोष्ट. सगळ्या देशाचा हिशेब इथल्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २०१८ सालासाठी मांडला होता: सुमारे १ कोटी ५१ लाख टन शिंगल कचरा. आणि रस्त्याच्या डांबरी मिश्रणात किती गेला? डांबरी रस्तेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, नापाच्या, पाहणीत २०१४ हे सर्वांत चांगलं वर्ष होतं, तेव्हा १९ लाख टनांच्या वर. २०२१ मध्ये तो आकडा ६ लाख ३० हजारांवर आला होता. म्हणजे वाढण्याऐवजी तिसऱ्या हिश्श्यावर आला.

याच पाहणीत दुसरा आकडा शेजारीच असतो. जुना रस्ता खरवडून निघालेला माल, ज्याला आम्ही रॅप म्हणतो, तो २०२१ मध्ये ९ कोटी ४६ लाख टन वापरला गेला. प्लांट तेच, लोक तेच, मग एकाला इतका मान आणि दुसऱ्याला दारातून परत, असं का? तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच फरकात आहे.

शिंगलमध्ये असतं काय ते बघू. मध्ये फायबरग्लासची पातळ चटई (जुन्या मालात कागदी फेल्ट), तिच्यावर दोन्ही बाजूंनी डांबराचा लेप, त्या लेपात भरपूर चुनखडीची पूड, आणि वरून रंगीत दगडी दाणे. फायबरग्लासच्या शिंगलमध्ये वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं डांबर असतं, जुन्या फेल्टवाल्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. आता रस्त्याच्या मिश्रणात डांबर किती? पाच टक्क्यांच्या आसपास. कागदावर बघितलं तर शिंगल म्हणजे रस्त्याच्या मालापेक्षा चौपट श्रीमंत कच्चा माल, शिवाय तो आणून टाकणारा तुम्हालाच पैसे देतो. २००८ मध्ये क्रूड (कच्चं तेल) भडकलं आणि डांबराचे भाव त्याच्यामागे गेले, तेव्हा प्रत्येक प्लांटवाल्याला हे गणित अचानक दिसायला लागलं. मिनेसोटाने त्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या सुमाराला, विलार्ड मंगर ट्रेल या सायकलवाटेवर प्रयोग केला होता. मिझुरीने घरांवरून उतरवलेला माल घ्यायला सुरुवात केली, टेक्सास मागोमाग आलं. सगळे उत्साहात होते.

अडचण डांबराच्या जातीत आहे. शिंगलचं डांबर हे रस्त्याचं डांबर नव्हेच. ते रिफायनरीतून आलं की भट्टीत २५० अंशांच्या आसपास तापवून त्यातून तासन् तास हवा फुंकतात. त्यामुळे ते कडक होतं, आणि ते तसंच हवं असतं, नाहीतर जुलैच्या उन्हात छपरावरून ओघळलं असतं. महाराष्ट्रात रस्त्यावर जे व्हीजी-३० ग्रेडचं डांबर वापरतात, त्याचा सॉफ्टनिंग पॉइंट (ज्या तापमानाला ते मऊ पडतं) किमान ४७ अंश लागतो. शिंगलच्या लेपाच्या डांबराचा शंभरच्या आसपास असतो. त्यात छपरावर पंधरा-वीस वर्षं ऊन खाल्लं की ते आणखी कडक होतं. आमच्या ड्रममध्ये, जिथे खडी आणि डांबर मिसळतं, मिश्रण १५०-१६० अंशांवर असतं आणि माल आत राहतो तो मिनिट-दोन मिनिटं. तेवढ्यात नवं डांबर खडीला लागतं, पण शिंगलच्या कणातलं जुनं डांबर पूर्ण सुटतच नाही. थोडं वितळून मिसळतं, बाकीचं काळ्या खड्यासारखं तसंच बसून राहतं.

याचा परिणाम हिशेबात कसा दिसतो ते एकदा नीट बघा, कारण सगळी मेख इथे आहे. एक हजार किलो मिश्रण घ्या. त्यात डांबर हवं ५० किलो. तुम्ही ५ टक्के शिंगल्स टाकल्या, म्हणजे ५० किलो, आणि त्यातलं डांबर २० टक्के धरलं तर १० किलो. म्हणून ठेकेदार नवं डांबर ४० किलोच टाकतो आणि ५० भरले असं लिहितो. पण त्या दहातलं सातच किलो खरं कामाला आलं, तर खडीभोवतीच्या लेपासाठी तुमच्याकडे ४७ किलो आहे. तीन किलो कागदावर आहे, रस्त्यात नाही. शिवाय मिसळलेल्या सात किलोने बाकीचं डांबरही ताठ करून ठेवलंय. पहिल्या वर्षी रस्ता झकास दिसतो, चाकोरी (चाकांखाली दबून पडणारी चर) अजिबात पडत नाही, सगळे खूश. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात भेगा सुरू होतात.

हे प्रयोगशाळेत आधी कळायला हवं होतं ना? कळत होतं, पण जुन्या चाचण्या चाकोरीच्या भीतीने बांधलेल्या होत्या, भेगांच्या नव्हे. कडक मिश्रण त्या चाचण्यांत पहिला नंबर काढायचं. राज्यांच्या महामार्ग खात्यांची संघटना, आश्टो, हिच्या पीपी ७८ या मार्गदर्शकात मग शिंगलमधलं ७० ते ८५ टक्केच डांबर उपलब्ध धरा, असं आलं. पुढे डांबराचा 'डेल्टा टीसी' उणे पाचच्या खाली जाता कामा नये, ही अटही आली. डेल्टा टीसी म्हणजे ढोबळमानाने, थंडीत डांबर ताठ होतं म्हणून तडकतंय की ताण सोडण्याची ताकदच गमावलीय म्हणून, याचा कल दाखवणारा आकडा. शिंगल जास्त झालं की तो भराभर खाली जातो. ही अट पाळायची तर मऊ ग्रेडचं डांबर घ्या किंवा रेज्युव्हेनेटर (जुनं डांबर मऊ करणारं द्रव्य) टाका. दोन्हीला पैसे लागतात.

आणि पैशाचं म्हणाल, तर वाचवत होतो ते पैसेच. समजा डांबर टनाला ६०० डॉलर आहे. वरच्या हिशेबात टनामागे १० किलो वाचले म्हणजे ६ डॉलर. खरी उपलब्धता धरली तर चार डॉलरच्या थोडं वर. त्यातून दळणं, वाहतूक, चाचण्या वजा करा. डांबर ३५० वर आलं की टनामागे अडीच डॉलरसुद्धा सुटत नाहीत. २०१४ च्या शेवटी क्रूड कोसळलं. वर सांगितलेली घसरण त्याच्याच पुढच्या वर्षांतली आहे, हा योगायोग नाही. एकीकडे स्पेसिफिकेशन कडक होत गेलं, दुसरीकडे फायदा आटत गेला. काही राज्यांनी वरच्या थरात शिंगल्स बंदच केल्या, काहींनी मर्यादा खाली आणली.

आता शिंगल्स दळणाऱ्या यार्डात काय चालतं ते सांगतो, कारण 'मशीनमध्ये टाकलं की झालं' असा समज असतो. ट्रक येतो, तो छप्पर उतरवणाऱ्या पोरांनी भरलेला असतो. त्यात शिंगल्स असतात, पण त्यासोबत फेल्टपेपर, सडलेलं प्लायवूड, गटारीचे पत्रे, पाइपभोवतीचं शिसं, प्लास्टिकची रॅपर आणि हमखास गेटोरेडच्या बाटल्या. दोन-तीन माणसं ढिगावर उभी राहून हे हाताने वेचतात. मग ग्राइंडर. त्यावर सतत पाणी मारावं लागतं. धूळ उडू नये हे एक, आणि पाणी नसेल तर घर्षणाने डांबर तापून दात लगद्याने भरतात हे दुसरं. पुढे पट्ट्यावर चुंबक खिळे ओढून घेतो. एका घराच्या छपरात हजारो खिळे असतात, आणि चुंबकातून सुटलेला एक खिळा रस्त्यावर कुणाच्या टायरमध्ये गेला की फोन प्लांटला येतो, यार्डाला नाही. मग चाळणी. हल्ली ९.५ मिलिमीटरच्या चाळणीतून सगळा माल पडला पाहिजे, आणि माझ्या मते तोही जाडच. जितकं बारीक दळाल तितकं डांबर जास्त सुटतं, पण बारीक दळायला वेळ आणि ग्राइंडरचे दात दोन्ही जातात. दगडी दाणे दातांना अक्षरशः खाऊन टाकतात.

पाणी मारलं म्हणजे माल ओला झाला. त्यात आठ-दहा टक्के ओल घेऊन आलेला माल सुकवायला मला ड्रममध्ये गॅस जाळावा लागतो, म्हणजे वाचलेल्या चार डॉलरला आणखी एक भोक. आणि टेक्सासच्या ऑगस्टमध्ये दळलेला ढीग उघड्यावर ठेवला तर तो परत चिकटून एकसंध होतो. लोडरचा बकेट त्यात शिरत नाही. म्हणून त्यात वाळू किंवा रॅप मिसळून ठेवतात आणि वर शेड लागते. ज्या यार्डाला शेड नाही, त्याचा माल मी घेत नाही. बाकी कागदपत्रं कितीही चांगली असोत.

रॅपला यातलं काहीच लागत नाही. तो रस्त्यावरून निघतो आणि रस्त्यात जातो. डांबर त्याच जातीचं, खडी आपल्याच खाणीची, आणि बहुतेक वेळा खरवडणारा आणि नवा थर टाकणारा ठेकेदार एकच. शिंगलचा मालक घरमालक, उतरवणारा रूफर, वाहणारा तिसरा, दळणारा चौथा, वापरणारा मी. या साखळीत प्रत्येकाला वाटतं की माल स्वच्छ ठेवायचं काम पुढच्याचं आहे.

अॅस्बेस्टॉसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगायला हवं. सत्तरच्या दशकापर्यंत, काही माल त्यानंतरही, अॅस्बेस्टॉस घालून बनत असे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमात एक टक्क्याच्या वर अॅस्बेस्टॉस असलेला माल दळता येत नाही. चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या घरांना पाडकामाच्या नियमातून सूट आहे, पण यार्डात सगळ्यांचा माल एकत्र येतो, म्हणून राज्यं आणि यार्डं नमुने तपासायला लावतात. प्रत्यक्षात सापडतं फार क्वचित. तुमचं घर दोन हजारनंतरचं असेल तर प्रश्नच नाही. तरी तपासणीचा खर्च आणि रिपोर्टची वाट बघणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, आणि छोटी यार्डं त्यानेच दमतात.

हे गणित बिघडलं की काय होतं, ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. डॅलसच्या आग्नेय भागात, फ्लोरल फार्म्स नावाच्या वस्तीला लागून, २०१८ च्या सुरुवातीपासून एका रिसायकलिंग कंपनीने शिंगल्स आणून टाकायला सुरुवात केली. आणणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, दळून विकायचं, असा बेत. पैसे येत राहिले, माल जाईना. ढीग वाढत एक लाख टनांच्या वर गेला. लोक त्याला 'शिंगल माउंटन' म्हणायला लागले. शेजारी राहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांच्या घरात काळी धूळ, खोकला. कोर्टकचेऱ्या होऊन तो डोंगर हलवायला डिसेंबर २०२० उजाडला, २०२१ च्या सुरुवातीला तो संपला, आणि गेला कुठे? लँडफिलमध्ये. म्हणून 'आम्ही रिसायकल करतो' म्हणणाऱ्या यार्डाला मी पहिला प्रश्न विचारतो: आत किती आला हे सोडा, बाहेर किती गेला ते दाखवा.

मग करायचं काय? माझं मत या धंद्यातल्या बऱ्याच जणांना पटत नाही. शिंगलचं डांबर परत शिंगलमध्येच जायला हवं, रस्ता ही त्याची दुय्यम जागा आहे. कारण साधं आहे. रस्त्यासाठी जो त्याचा दोष, म्हणजे कडकपणा, तो शिंगलच्या कारखान्याला हवाच असतो. तो मिळवायला तर ते भट्टीत हवा फुंकतात. चुनखडीची पूडही त्यांच्या लेपात निम्म्याहून जास्त असते, तीही फुकट परत मिळते. अडचण एवढीच, की कारखान्याला खिळा, लाकूड, धूळ यातलं काहीही चालत नाही. पट्ट्यावर फायबरग्लासची चटई मिनिटाला शेकडो फुटांच्या वेगाने धावत असते. एक खडा आला तर ती फाटते आणि सगळी लाइन थांबते. आणि वर वीस-तीस वर्षांची वॉरंटी द्यायची असते.

तरी उद्योगाची हालचाल आता त्या दिशेने आहे. जीएएफ या मोठ्या उत्पादकाने २०२२ मध्ये जाहीर केलं, की त्यांच्या फ्लोरिडातल्या टॅम्पा कारखान्यात घरांवरून उतरवलेल्या शिंगल्सचा माल वापरून नवे शिंगल्स काढले. ओवेन्स कॉर्निंगने २०३० पर्यंत अमेरिकेत वर्षाला २० लाख टन शिंगल्स रिसायकल करण्याचं लक्ष्य ठेवलंय. कॅनडात कॅल्गरीला नॉर्थस्टार क्लीन टेक्नॉलॉजीज ही कंपनी डांबर, फायबर आणि दगडी दाणे वेगवेगळे काढायच्या मागे आहे. यातलं कुठलं टिकेल हे भाव ठरवतील. माझा भरवसा वेगळं काढणाऱ्या पद्धतीवर जास्त आहे, कारण वेगळं काढलेल्या डांबराची चाचणी घेता येते आणि चाचणी घेता आली की त्याला गिऱ्हाईक मिळतं. दळलेल्या भुग्याबद्दल नेहमी अंदाजच करावा लागतो.

तिसरी वाट सिमेंटच्या भट्टीची. नोव्हा स्कोशियातल्या ब्रुकफील्डला सिमेंट कारखान्यात शिंगलचे तुकडे कोळशाच्या जोडीला जाळले गेले आहेत. डांबर जळून उष्णता देतं, चुनखडी आणि वाळू सिमेंटमध्येच जातात, राख उरत नाही. रिसायकलिंगवाले कट्टर लोक याला नाकं मुरडतात. मला ते तितकं वाईट वाटत नाही, निदान फेल्टवाल्या जुन्या, मळक्या मालासाठी. ग्रामीण रस्त्यांवर खडीत मिसळून धूळ बसवायलाही भुगा वापरतात. खप किरकोळ, पण तिथे भेगांचा प्रश्नच नसतो.

आता तुमचं काम. रूफरला कंत्राटावर सही करायच्या आधी विचारा की माल नक्की कुठल्या यार्डात जाणार. नाव सांगता आलं नाही तर समजून जा. नाव सांगितलं तर त्या यार्डाला स्वतः फोन करा आणि विचारा की तुम्ही दळलेला माल कुठल्या प्लांटला देता. उत्तर चटकन आलं तर यार्ड चालू आहे. काम झाल्यावर वजनकाट्याची पावती मागा. तिच्यावर यार्डाचं नाव आणि टन असतात. तुमच्या घराला पाच टनांच्या आसपास आकडा यायला हवा. डंपस्टरमध्ये फक्त शिंगल्स जातील, लाकूड, पत्रे आणि पोरांचं जेवणाचं सामान वेगळं, एवढं लिहून घेतलंत तर यार्डवाला तुम्हाला दुवा देईल. पत्रे भंगारात विकले जातात, ते रूफरला सांगावं लागत नाही. आणि डंपस्टर रिसायकलिंगसाठी नेण्याचे जास्त पैसे मागत असेल तर नीट बघा. बहुतेक यार्डांची फी लँडफिलपेक्षा कमी असते, नाहीतर त्यांच्याकडे कोण येईल?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हेच छप्पर पुन्हा आठ वर्षांत उतरवावं लागू नये. तुमचा भाग गारांचा आहे. यूएल २२१८ या माऱ्याच्या चाचणीत क्लास ४, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा, मिळालेले शिंगल्स घ्या. टेक्सासात बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या त्यावर प्रीमियममध्ये सूट देतात, एजंटला विचारा. यातले बरेच रबरासारखं पॉलिमर घातलेल्या डांबराचे असतात. ते उद्या रिसायकल करताना आमची डोकेदुखी वाढवणार आहेत, पण एक छप्पर दहा वर्षं जास्त टिकलं तर पाच टन कचरा झालाच नाही, आणि हे मी प्लांटवाला असूनही सांगतोय.

खाली एकांनी विचारलंय की भारतात हे करता येईल का. शिंगलचा माल आपल्याकडे जवळपास नाहीच. हिल स्टेशनवरचे काही बंगले आणि रिसॉर्ट सोडले तर छपरं कौलांची, पत्र्याची नाहीतर स्लॅबची. आपल्याकडे खरवडलेला रस्ता आहे, तोही भरपूर, आणि त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२० हे मार्गदर्शक २०१५ पासून आहे. पुण्या-मुंबईत मिलिंग झालेला माल खड्डे बुजवायला किंवा सोसायटीच्या आवारात भराव म्हणून जाताना मी पाहिलाय. रिसायकलिंगसाठी शिंगल शोधत बसण्याआधी तो माल प्लांटवर परत नेणं सोपं आहे आणि त्यात वर लिहिलेली एकही भानगड नाही.

यार्डाचं नाव कळलं की इथे लिहा. प्लांटच्या बाजूने काही विचारायचं असेल तर सांगतो.